सहा तासांत सुके बोंबील

प्रकल्प जतीन सरांचा, पेटी जतीन सरांची, पण अहवाल लिहायचा संगिताबाईंनी, कारण त्यांचं शुद्धलेखन चांगलं. संगिताबाई म्हणजे मी. वरोरच्या आमच्या शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात ज्याला त्याला अहवाल लिहून देते. त्या अहवालात एक वाक्य होतं: ‘या यंत्रात ओले बोंबील अवघ्या सहा तासांत सुकतात.’ ते मी माझ्या हातानं, ऱ्हस्वदीर्घ सांभाळून लिहिलं. एकही बोंबील सुकलेला मी पाहिला नव्हता.

तालुक्याची पर्यावरण प्रकल्प स्पर्धा होती. जतीन सर विज्ञानाचे, गाव घाटावरचं, बदली होऊन आलेले. समुद्र त्यांनी पहिल्यांदा इथेच पाहिला, आणि बोंबीलही. त्यांनी लाकडी पेटी करून घेतली, आतून काळा रंग, वर काच, बाजूला पंखा, टपावर सौर पट्टी. नाव ठेवलं ‘सौर मत्स्य शुष्कक’. आठवीतल्या मुलांना ते नाव नीट म्हणता यायला चार दिवस लागले.

आता ज्यानं बोंबील हातात धरलाय त्याला ठाऊक असतं की त्यात मासा कमी आणि पाणी जास्त. त्याला वारा लागतो. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून पुतळीबाईची वलांडी आहे. बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणलेल्या. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. समुद्राकडून वारा येतो, तीन दिवसांत बोंबील कडकडीत होतात. बंद पेटीत घातला तर तो आपल्याच पाण्यात शिजतो. पहिल्या दिवशी शिजला. दुसऱ्या दिवशी शिजला. तिसऱ्या दिवशी सरांनी पेटी उघडली आणि आतलं जे काही होतं ते आमचा शिपाई नारू खराट्यानं ओढून काढत होता.

“थोडं तांत्रिक आहे, होईल,” जतीन सर म्हणाले. सौर पट्टीवर तो पंखाही फिरेना. मग टेबलावर लांब चादर टाकली, चादरीखालून वायर नेली आणि पंखा शाळेच्या बोर्डाला जोडला. बटणापाशी नारूला बसवलं. आणि पेटीत ठेवायला पुतळीबाईच्या वलांडीवरचे चांगले सुके बोंबील आणले. आणायला कोण गेलं? तिचीच मुलगी निलम. प्रकल्पाची माहिती समितीला तीच सांगणार होती, कारण वर्गात तिच्याइतकं खणखणीत कुणी बोलत नाही.

दुसरा प्रकल्प आठवीतल्याच मिथुनच्या गटाचा होता, ‘टाकाऊतून टिकाऊ’. त्याला प्लास्टिकच्या दोनशे रिकाम्या बाटल्या हव्या होत्या. मुलं गावभर फिरली आणि हात हलवत परत आली. आमच्या गावात बाटली रिकामी म्हणून टाकत नाहीत, तिचं बूच लावून ती जाळ्याला बांधतात, तरंगायला. शेवटी मुख्याध्यापकांनी डहाणूहून पाण्याच्या बाटल्यांचे खोके मागवले. पाणी कुंड्यांत ओतलं, बाटल्या कापल्या, त्यांचं झाड केलं. कुंड्यांत पाणी ओतलं त्याचाही फोटो काढला, ‘वृक्षसंवर्धन’ म्हणून. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. तो अहवालही माझ्याच गळ्यात पडला.

समिती यायच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. नाकाला रुमाल लावून खिडकीबाहेर बोट दाखवलं. “बाई, हा वास. स्वच्छ पर्यावरणाची पाहणी आणि मागे हे! तुम्ही जरा समजावून सांगा तिला. तुम्हाला गोड बोलता येतं.”

मी गेले. खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं, तरी गेले. पुतळीबाईच्या घरची होडी पहाटेच लागली होती. पंधरा दिवस धड मासळी मिळाली नव्हती, आणि आज चार टब भरून बोंबील आले होते. हे बोंबील म्हणजे तिचा पावसाळा. पावसात होडी बंद असते तेव्हा घरात हेच शिजतात, आणि उरलेले आशागडच्या बाजारी जातात. अर्धे दोरीवर टाकून झाले होते.

“दोन तासांचा प्रश्न आहे, पुतळीबाई. समिती नवाला येणार, अकराला जाणार. तेवढा वेळ काढून ठेवा. निलमच्या भविष्याचा प्रश्न आहे.”

ती हातातला बोंबील तसाच धरून उभी राहिली. “बाई, काढलेला बोंबील राहत नाय. दुपारपर्यंत पाणी होतंय त्याचं.”

“दोनच तास. मी शब्द देते.”

तिनं काढले. एकेक जबडा सोडवून सगळे पुन्हा टबांत भरले, दोऱ्याही उतरवल्या, वर निळी ताडपत्री टाकली. मी शाळेत येऊन सांगितलं, काम झालं. मुख्याध्यापक म्हणाले, “शाबास.”

समिती नवाला येणार होती, म्हणजे साडेअकराला आली. काळी गाडी, तीन माणसं आणि एक ड्रायव्हर. अध्यक्ष उतरले ते पताकांकडे बघत. मैदानभर दोऱ्या ताणून आम्ही कागदी पताका लावल्या होत्या, मध्ये ‘पृथ्वी वाचवा’ असा भला मोठा फ्लेक्स. स्वागत झालं, नारळ झाला, बाटल्यांचं झाड झालं. मी सारखी घड्याळात बघत होते. मागून माशा घोंघावल्याचा आवाज येत होता, निदान मला तरी येत होता.

बारा वाजता निलम पेटीपाशी उभी राहिली. “आदरणीय अध्यक्ष महोदय, आमचं यंत्र पूर्णपणे सौरऊर्जेवर चालतं. यात ओले बोंबील अवघ्या सहा तासांत सुकतात.” माझं वाक्य, जसंच्या तसं. ती बोलत होती आणि डोळे मात्र खाली, टेबलावरच्या चादरीकडे. जतीन सरांनी खूण केली, नारूनं बटण दाबलं, पंखा घरघरला. अध्यक्षांनी मान डोलावली.

आणि वीज गेली.

डोक्यावर लख्ख ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि सौरऊर्जेवरचा पंखा थांबला. नारू बटण दाबत राहिला, टकटक टकटक.

“ढग आला बहुतेक,” जतीन सर म्हणाले. अध्यक्षांनी वर बघितलं, सरांकडे बघितलं, आणि समजूतदारपणे पुन्हा मान डोलावली. मोठ्या माणसांना भूक लागली की ती फार समजूतदार होतात.

एवढ्यात भिंतीच्या कडेनं पुतळीबाई आली, डोक्यावर टब घेऊन. निलमचं भाषण तिनं मागून ऐकलं होतं. आठ दिवस ती मुलगी घरात तेच पाठ करत होती, तेव्हाही ऐकलं होतं. तिनं टब खाली ठेवला.

“साहेब, तुमचं यंत्र सहा तासांत सुकवतंय ना? माझी पोरगी सांगतेय. माझे बोंबील सकाळपासून टबात हायत, वास मारायला लागलेत. हे तेवढे घाला आत. बाकीचे मी मागाहून आणते.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तिचा विश्वास होता. पोरीवर, शाळेवर, आणि सकाळी दिलेल्या माझ्या शब्दावर.

जतीन सरांचा चेहरा उतरला. अध्यक्षांचा मात्र खुलला. “वा! याला म्हणतात लोकसहभाग! प्रत्यक्ष प्रात्यक्षिक! घाला, घाला. आम्ही तोवर जेवून येतो.”

जेवणाला काय होतं म्हणता? बोंबील फ्राय, रवा लावून. वास तळल्यावर सुवास होतो, हे विज्ञान आमच्या मुख्याध्यापकांना नीट ठाऊक होतं.

समिती आत गेली. मला पुढल्या पंगतीत पान होतं, पण माझ्यानं जाववलं नाही. पुतळीबाई पेटीतले सुके बोंबील पदराखाली घेऊन आत ओले रचत होती, हळूच, एकावर एक. काच लावली. ऊन रणरणतं. अर्धा तास झाला नसेल, काचेला आतून घाम फुटला आणि काही दिसेनासं झालं. पुतळीबाई काचेला डोळा लावून बसली होती. “सुकतायत काय गं?”

निलमनं आईचा हात धरला. मग एकदम बोलली. “आय, काढ ते. हे खोटं हाय. त्यात काय सुकत नाय. आत ठेवलेले बोंबील आपलेच होते, मीच आणले आपल्या दोरीवरून.”

पुतळीबाईनं तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. “बाई, तुमाला ठाऊक होतं?”

“होतं,” मी म्हणाले. आयुष्यात इतकं छोटं आणि इतकं शुद्ध वाक्य मी दुसरं बोलले नसेन. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिला शिव्या द्यायला वेळ नव्हता. “घरच्या दोऱ्या उतरवल्यात, परत ताणेपर्यंत हे पण जातील. इथं जवळ दोरी कुठं हाय?”

निलमनं वर बघितलं. मैदानभर दोऱ्याच दोऱ्या होत्या. तिनं एक पताका ओढली, मग दुसरी. मिथुन धावला, त्याच्या मागे अख्खा आठवीचा वर्ग. सगळी कोळ्या-मांगेल्यांची पोरं. जबड्यात जबडा अडकवायला त्यांना कुणी शिकवायला लागत नाही. कुणी टब ओढत आणले, कुणी सडके वेगळे काढले. मीही पदर खोचला आणि हात घातला. मला जमेना, एका मुलीनं दाखवलं. पेटीतला धरून दोन टब हातचे गेले होते, त्यांचा लगदा झाला होता. उरलेले दोन आम्ही चढवायला घेतले. पताकांच्या दोऱ्या संपल्या तेव्हा फ्लेक्सची दोरी घेतली.

समिती हात पुसत बाहेर आली तेव्हा मैदानभर बोंबील वाऱ्यावर हलत होते आणि ‘पृथ्वी वाचवा’वर टपटप पाणी गळत होतं. मुख्याध्यापक खांब धरून उभे राहिले.

“हे काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“साहेब, हे पण ऊन आणि वारा यांवरच चालतं,” निलम म्हणाली. तेवढ्यात वीज आली आणि सगळ्यांच्या मागे सौर पंखा आपसूक घरघरू लागला. कुणी मागे वळून बघितलं नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. निकालाचा कागद जेवायच्या आधीच भरून झाला होता, त्यामुळे पहिलं बक्षीस पेटीलाच मिळालं. टाळ्या झाल्या. जतीन सरांनी प्रमाणपत्र घेतलं आणि खाली मान घालून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. “बाई, जिल्ह्याला जायचं म्हणतात,” ते पुटपुटले. “आता कसं हो?”

“तुमचं तुम्ही लिहा,” मी म्हणाले.

निघताना अध्यक्ष पुतळीबाईपाशी थांबले. “ताई, तुमच्याकडचे सुके बोंबील चांगले असतात म्हणे. घरी नेले असते थोडे.”

पुतळीबाईनं पेटीतून काढलेले सुके बोंबील पदराखाली घेतले होते, ते हलवलेसुद्धा नाहीत. “दोरीवरले कशाला साहेब? तुमाला यंत्रातले देते. पहिल्या नंबराचे.”

मिथुननं बाटल्यांचा रिकामा खोका आणला. आत प्लास्टिक अंथरलं. पुतळीबाईनं पेटीची काच सरकवली, आतलं सगळं ओंजळीनं खोक्यात भरलं, प्लास्टिकला घट्ट गाठ मारली, वर पेपर घातला. “घरी जाईपर्यंत उघडू नका हां. वारा लागला की यंत्राचा गुण जातो.”

“अरे वा, टाकाऊतून टिकाऊ!” अध्यक्ष खोका बघून म्हणाले, आणि त्यांनी तो ड्रायव्हरकडे दिला. ड्रायव्हरनं नाक वाकडं केलं, पण साहेबांचा खोका, बोलणार काय? त्यानं तो मागच्या सीटवर ठेवला आणि काचा वर केल्या.

पुढची पाहणी सायवनला होती, दोन शाळांची. तिथे काळी गाडी संध्याकाळपर्यंत उन्हात उभी राहणार होती. पुतळीबाईनं गाडी वळणाआड जाईपर्यंत बघितलं, मग निलमला हाक मारली आणि राहिलेले बोंबील दोरीवर टाकायला लागली.