सासूबाई राहायला जातात

आम्ही दर मे महिन्यात पुण्याहून पनवेलला माझ्या सासरी जातो आणि मी तिथे झोपायला जाते. खोटं कशाला बोलू? माझी आई गेली तेव्हापासून मला माहेर असं उरलेलंच नाही. भाऊ बंगळुरूला असतो, त्याचं त्यालाच पुरत नाही. त्यामुळे वर्षातून एकच आठवडा असा येतो, जेव्हा सकाळी उठून डब्याला काय करायचं याचा विचार मला करावा लागत नाही. तो सासूबाई करतात. मी उठते तेव्हा चहा तयार असतो. दुपारी आंब्याचा रस, कोळंबीचं कालवण, गरम तांदळाची भाकरी. मग मागच्या खोलीत पंख्याखाली चटई टाकून मी आडवी होते. हल्ली डोक्यावरून विमानं जातात, पण मला ती ऐकूही येत नाहीत. यंदा ऑफिसात सगळ्यांनी मिळून असा काही छळ मांडला होता की मार्चपासून मला त्या चटईचीच स्वप्नं पडत होती.

पळस्पे फाट्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हाच मी केसांची क्लिप काढून पर्समध्ये टाकली. म्हटलं, आता कोण बघतंय.

घरात शिरलो तर सासूबाई ठेवणीतली साडी नेसून हॉलमध्ये खुर्चीवर बसलेल्या, आणि पायाशी भरलेली पिशवी. आम्ही त्यांना आई म्हणतो. मला वाटलं, कुणाचं लग्नबिग्न आहे का?

"आलात? बरं झालं," आई म्हणाल्या. "चारू, कालवण झालंय. भात तेवढा लाव. मी जासईला चाललेय माहेरी. चार दिवस राहीन म्हणते."

माझे सासरे, अप्पा, बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून बहुतेक वेळ पेपराच्या मागेच असतात. तो पेपर खाली आला.

"राहीन म्हणजे?"

"राहीन म्हणजे राहीन."

"अगं, जासई काय लांब आहे? संध्याकाळी ये की परत. नेहमी येतेस तशी."

"नेहमी येते, म्हणूनच तर."

तसं बघितलं तर अप्पांचं बरोबर होतं. जासई पनवेलहून अर्ध्या तासावर, आणि हीच त्या बाईची खरी अडचण. लांबच्या सुना माहेरी जातात त्या महिनाभर राहून येतात. हिला मात्र सगळ्यांनी कायम संध्याकाळी परत बोलावलं. रात्रीची भाकरी कोण करणार?

"आई, आम्ही आत्ता येतोय आणि तू निघालीस?" माझा नवरा प्रणित म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत अजून बॅगा होत्या.

"तुमी आलात म्हणूनच निघाले. एरवी यांना कुणाच्या गळ्यात बांधू?" माहेरचं नाव निघालं की आईंची भाषाही माहेरची होते. रिक्षा दारात उभीच होती. त्या बसल्या आणि गेल्या. मनस्वीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या गालावरून हात फिरवायला मात्र विसरल्या नाहीत.

मला राग आला. चांगलाच आला. जायचंच होतं तर आधी सांगायचं, मी पुण्यातच कुठेतरी खोली घेऊन झोपले असते! पण भात कुकरला लावला. काय करणार?

मग सुरू झाली आमची निवांत सुट्टी. अप्पांना सकाळी आल्याचा चहा, नंतर परत एकदा बिनआल्याचा. आंघोळीचं पाणी काढून द्यायचं. गोळ्या समोर ठेवायच्या, नाहीतर ते घेत नाहीत आणि घेतल्या म्हणून सांगतात. माझी तांदळाची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. अप्पा प्रत्येक तुकडा उचलून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "दमयंती अशी करत नाही." दमयंती म्हणजे आई. मनस्वीला ताडगोळे सोलून हवेत, कारण आजी सोलून देते. प्रणित सोफ्यावरून विचारायचा, "मी काही मदत करू का?" आणि उत्तर यायच्या आत परत मोबाईलमध्ये. दुपारी मी चटई टाकली की दारावर बर्फवाला, कुरिअरवाला, शेजारच्या काकू. एकदा खरंच डोळा लागला, तर अप्पा येऊन विचारतात, "झोपलीस का?" नाही हो, पोहत होते.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी ताट सरकवलं. "मला नको. ती आल्यावर जेवेन."

"मग फोन करा त्यांना."

"मी कशाला करू? स्वतःहून गेली ना ती?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. हात पुसले, गाडीची किल्ली घेतली आणि प्रणितला म्हटलं, "आणते तुझ्या आईला." काय सांगायचं तेही वाटेत ठरवून टाकलं. अप्पांची तब्येत बरी नाही, छातीत दुखतंय म्हणतात. एवढं म्हटलं की ही बाई अनवाणी पळत येईल, मला पक्कं माहीत होतं. म्हणजे संध्याकाळपर्यंत मी चटईवर.

जासईच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरांची रांगच रांग. त्यांच्यामागे घामाघूम होत होत पोचले. दारात वसुंधरामामी, म्हणजे आईंच्या भावाची बायको, कोथिंबीर निवडत बसली होती. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं.

"आत्ता निजल्यात," ती हळूच म्हणाली. "उठवू का?"

मी आत गेले. मधल्या खोलीत, जमिनीवर, चटईवर आई झोपल्या होत्या. भर दुपारचे. अंबाडा सुटलेला, साडी पोटरीपर्यंत वर गेलेली, तोंड उघडं, बारीक घोरत होत्या. मी जागच्या जागी उभी राहिले. इतकी वर्षं या बाईच्या घरात येतेय, पण मी तिला झोपलेली कधी बघितलीच नव्हती. मी निजते तेव्हा ती जागी, मी उठायच्या आधी ती जागी. तळपायांना एवढ्या भेगा आहेत हेही मला तेव्हाच कळलं.

उशाशी त्यांची आई बसली होती, जनीआजी. नव्वदीला आलेली, वाळून खारीक झालेली म्हातारी. वर पंखा चालू होता, तरी ती पदराने लेकीच्या तोंडावरच्या माश्या वारत होती.

"कोन गो?" तिने डोळे बारीक केले.

"मी चारुता, आजी. प्रणितची बायको. आईंना न्यायला आलेय. अप्पांना जरा…"

"काय झालं जावयाला? मेला?"

"अहो नाही! असं काय बोलता!"

"मंग निजू दे," म्हातारी म्हणाली. "पोर दमलीय माझी."

पोर! सत्तरीला टेकलेली बाई ती. छातीत दुखण्याची सगळी तयार केलेली गोष्ट माझ्या तोंडातच राहिली. माझी मलाच लाज वाटली.

"येते मी," मी म्हटलं. "मी आले होते ते सांगू नका त्यांना."

"कुठं जातेस उन्हाची?" म्हातारीने मला आपादमस्तक बघितलं. "तोंड बघ कसं झालंय तुजं. खातेस का नाय? ये. पड जरा हिच्या बाजूला. जागा हाय."

"नको आजी, घरी सगळे वाट बघतायत."

"बघू देत. आंधळे हायेत का लुळे?"

मी पडले. जमीन गार होती. आई झोपेतच जराशा सरकल्या. मला जागा द्यायची सवय त्यांच्या अंगातच मुरली आहे बहुतेक. तेवढ्यात फोन थरथरला. प्रणित होता. मी कुजबुजले, "त्या नाही येत. ठरलंय तेव्हाच येतील. मीपण उशिरा येतेय. भात लाव."

"अगं, पाणी किती घालायचं?"

"अप्पांना विचार."

"त्यांना काय माहीत?"

"मग दोघं मिळून शोधा," म्हटलं आणि फोन बंद केला.

म्हातारीचा पदर आता लांबवर फिरायला लागला. एकदा आईंच्या तोंडावरून, एकदा माझ्या. मग तिचा खरखरीत हात माझ्या कपाळावर आला आणि तिथेच थांबला. माझी आई गेल्यापासून असा हात कुणी ठेवला नव्हता.

"निजल्या का दोघी?" स्वयंपाकघरातून मामीने विचारलं.

"निजल्या," जनीआजी म्हणाली. "चहा मंग कर. पोरींना उठवू नको."

मी निजले नव्हते. मी रडत होते. पण डोळे मिटूनच ठेवले.