काहून रे

"'रे' काढून टाका, शीलाबाई. 'काहून जी' करू," वीरेंद्र सर म्हणाले. "नवऱ्याले रे म्हनते का कोनी? हॉलमधे फॅमिली बसली राह्यते."

"मारते तवा बी फॅमिलीच राह्यते न, सर?"

कॉलेजची तालीम थांबली. महिला दिनाला पोरं जिल्ह्यातल्या लेखिकांच्या कथांवर नाटकं करणार होती, म्हणून शीला मेश्रामला बोलावलं होतं. शीला मध्य प्रदेशातल्या बालाघाटात विहारामागच्या गल्लीत ब्लाऊज शिवते. तिची एकच कथा छापून आली आहे. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मार खाणारी बाई एक दिवस नवऱ्याचा उगारलेला हात धरते आणि कारण विचारते, "काहून रे?" बस, कथा तिथेच संपते.

सरांनी सगळं हिंदीत केलं, ते शीलानं गिळलं. कॉलेजात पोरं हिंदीच बोलतात. शेवटचे दोन शब्द तेवढे तिचे उरले होते, आता त्यातलाही एक खुडायला निघाले.

"जी लावलं का भीक मागून राह्यली वाटते ते."

"अरे, आपका सम्मान कर रहे हैं न? शाल आहे, नारळ आहे."

"शाल माह्या तोंडात कोंबता का?"

पोरं हसली. सर हसले नाहीत.

नाटकात त्या बाईचं काम करणारी दीपिका गेटपाशी मागून धावत आली. "काकू, मी बोलली असती. पन पप्पा समोरच बसतीन."

दीपिकाची आई मैनाबाई शीलाकडूनच ब्लाऊज शिवून घ्यायची. माप देताना पाठ भिंतीला लावायची. "मागून बंदच ठेव वो, पार मानेपर्यंत." टेप फिरवताना वळ दिसायचे ते दिसायचेच. कथा तिथूनच आली होती. दीपिकाला ते सांगायची गरज नव्हती, ती त्याच घरात राहत होती.

महिला दिनाला शीलाला शाल पांघरून स्टेजच्या कोपऱ्यात बसवलं. नारीशक्तीवर चार पुरुष बोलले. लेखिकेच्या हातात माईक कोणी दिला नाही.

शेवटचा प्रसंग आला. दीपिकानं नवरा झालेल्या पोराचा हात धरला. "काहून..." आणि अडकली. पहिल्या रांगेत तिचा बाप पुनाराम कौतुकानं मोबाइलवर शूटिंग घेत होता. शेजारी मैनाबाई.

विंगेतून सर फिसकारले, "जी! जी बोल!"

शीला बसल्या जागेवरून म्हणाली, "रे."

दीपिकानं पोराचा हात सोडला. समोर पाहिलं.

"काहून रे?"

हॉलमध्ये कोणीतरी फिदीफिदी हसलं. पुनारामचा मोबाइल खाली आला. सरांनी घाईघाईनं पडदा ओढला.

पुढच्या आठवड्यात मैनाबाई कापड घेऊन आली. "पोरीचं कॉलेज बंद केलं त्यानं," ती म्हणाली. आजवर ती नवऱ्याला आदरानं 'त्याइनं' म्हणायची.

शीलाचा टेप हातातच राहिला. "माह्यामुळं झालं."

"माप घे तू."

आज मैनाबाई भिंतीला टेकली नाही. शीलाकडे पाठ करून उभी राहिली.

"मागचा गळा खोल ठेव."

"किती?"

मैनाबाईनं हात मागं नेला आणि ताज्या वळाच्या खाली बोट टेकवलं.

"इथलोक."