वाळूवरचा मांडव

वागिमानने पुन्हा ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला आणि तिथेच राहिला. मागे पाच टन कोबी, पुढे जावा बेटावरच्या दियेंग घाटाचा उतार. गिअर खाली आणायला गेला तर तो करकरून निसटला. जळक्या ब्रेकचा वास आता केबिनमध्येही येऊ लागला होता.

शेजारी त्याची बायको लास्त्री पाट्या वाचत होती. वागिमानला आकडे आणि बाण कळत, अक्षरं जुळवायला मात्र वेळ लागे. म्हणून सात वर्षं ती प्रत्येक खेपेला बरोबर यायची. एरवी तो तिला मास्तरीणबाई म्हणून चिडवायचा. आज तो तिच्या प्रत्येक शब्दाकडे कान लावून होता.

"बचावाची वाट, एक किलोमीटर," ती म्हणाली.

ती वाट दोघांना ठाऊक होती. डाव्या हाताला वाळूचा रुंद पट्टा. ब्रेक गेलेली गाडी त्यात घालायची, वाळू चाकं धरून ठेवते. या वेगाने एक किलोमीटर म्हणजे मिनिटभर. तेवढा वेळ गाडी रस्त्यावर राहिली की सुटलो, असं स्वतःला बजावत तो वळणं कापत राहिला.

"पाचशे मीटर."

तिसरी पाटी आली तेव्हा लास्त्रीने ती वाचली नाही. पाटीच्या खांबाला माडाच्या कोवळ्या पिवळ्या झावळ्यांची उंच कमान बांधली होती, मंगलकार्याला लावतात तशी. बाण कमानीआड झाकला गेला होता.

"लग्न आहे," ती म्हणाली.

मग त्यालाही दिसलं. वाळूवर निळा मांडव, लाल खुर्च्या, नटूनथटून बसलेल्या बायका. लास्त्रीने त्याचं मनगट धरलं. थांबवायला की वळवायला, ते त्याला कळलं नाही आणि तिच्याकडे बघायची हिंमतही झाली नाही. त्याने स्टिअरिंग सरळ धरलं आणि हॉर्न दाबून ठेवला. मांडवातली माणसं हसून हात हलवत होती.

दोन वळणं खाली त्याने गाडी डोंगराच्या अंगावर घातली. आरसा गेला, दार सोलून निघालं, कोबी रस्ताभर घरंगळले. गाडी थांबली. लास्त्रीच्या कपाळातून रक्त येत होतं.

"आहे मी," ती म्हणाली.

थोड्या वेळाने वरून माणसं धावत आली. सगळ्यांत पुढे नवरीचा बाप, लग्नाच्या कोटात, हातात पाण्याची बाटली.

"आम्हाला वाटलं, नवरानवरीसाठी हॉर्न वाजवताय," तो धापा टाकत म्हणाला.

मग मान खाली घालून सांगू लागला. सगळं गाव उतारावर, सपाट जागा तेवढी एकच. दहा वर्षांत तिथे एक गाडी शिरली नव्हती. पाहुणे चुकू नयेत म्हणून झावळ्या पाटीलाच बांधल्या, कारण घाटात सगळ्यांची नजर तिकडेच असते.

वागिमानला राग आला नाही. राग यायला अंगात काही उरलंच नव्हतं.

"मांडवात किती माणसं होती?" त्याने विचारलं.

नवरीचा बाप बोटांवर मोजू लागला. नवरी, नवरा, स्वतःची बायको, आई, धाकटी बहीण, तिची तिन्ही मुलं. दुसऱ्या हाताची बोटं संपत आली तसा त्याचा आवाज बसला, आणि तो तिथेच कोबींच्या मध्ये रस्त्यावर मटकन बसला.

लास्त्रीने त्याच्या हातातली बाटली घेतली, बूच काढलं आणि पाणी आधी त्यालाच पाजलं.