ओल्या चुन्याचा रंग

जुन्या गावात दुकान काढायचं म्हणजे आधी भिंतीची परीक्षा. बाहेरून चुन्याचाच रंग हवा, आणि तोही जुन्या इमारती जपणाऱ्या समितीच्या नमुन्याच्या फळीवर आहे तसाच पिवळा. तो जुळला तरच माझ्या शिवणकामाच्या दुकानाचं दार रस्त्याकडे उघडणार, नाहीतर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. त्या एका दारासाठी मी दोन वर्षं खेटे घातले होते.

आमचे हे रंगारी. वीस वर्षांत त्यांच्या कामात कुणी खोट काढलेली नाही, आणि काढलीच तर चार दिवस त्यांना जेवण गोड लागणार नाही. सकाळी भिंतीला हात मारून ते जेवायला आत गेले आणि जेवून आडवे झाले. मी बाहेर येऊन बघते तर काय, भिंत हळदीसारखी भडक! चार वाजता समितीच्या बाई येणार होत्या. मी आयुष्यभर डब्यातले रंग बघितलेले, चुना वाळल्यावर उजळतो हे मला कुठलं ठाऊक? बादलीत पांढरा चुना ओतला आणि अर्ध्या भिंतीला फासून मोकळी झाले.

हे उठून आले तोवर त्यांची बाजू वाळून अगदी नमुन्यासारखी झाली होती. माझी बाजू पांढरीफटक.

"हा कुणाचा उपद्व्याप?"

"भुताचा," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

ओरडले असते तरी चाललं असतं. ते सरळ नवा चुना कालवायला बसले.

बाई आल्या तेव्हा अर्धी भिंत ओलीच होती.

"हे असं दुरंगी कसं?"

"माझ्या हातून चुकलं," हे म्हणाले. "मिश्रण बिघडलं. तासभर थांबाल?"

"इतकी वर्षं काम करता, आणि मिश्रण बिघडतं?"

मला तोंड उघडायचं होतं, पण ह्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

बाई स्टुलावर बसून कागद चाळत राहिल्या. तासाभराने त्यांनी फळी भिंतीला इथे, मध्ये, तिथे लावून बघितली आणि सही ठोकली. "जुळतंय. उद्यापासून दार उघडा."

मी पायरीवर बसले.

"खोटं कशाला बोललात? आता गावभर तुमचं नाव खराब होईल."

"होऊ दे. अर्ज तुझ्या नावावर आहे, चूक तुझी निघाली असती तर तोच अडला असता," ब्रश धुता धुता ते म्हणाले. "आणि पुन्हा माझ्या बादलीला हात लावलास तर बघ!"

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.