मला जळू द्या

मित्रांनो, माझा जन्मच जळण्यासाठी झाला. मी एक जुना, चिनी मातीचा फ्यूज आहे. पांढरा, मुठीत मावेल एवढा. माझ्या पोटात एक केसासारखी बारीक तार असते आणि घराची सगळी वीज तिच्यातून जाते. वीज वायरीला झेपणार नाही इतकी वाढली की ती तार वितळते, घरात अंधार होतो आणि लोक म्हणतात, मेला, उडाला वाटतं फ्यूज! शिव्या खाणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला भीती वाटते ती शाबासकीची.

इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये मुस्तकीमचाचा फिटर होते. त्यांनी स्टेशनामागे तीन खोल्यांचं घर बांधलं, भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून वायर फिरवली आणि मला मधल्या खोलीच्या दारावर, लोखंडी मेन स्विचच्या शेजारी बसवलं. तेव्हा घरात चार दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ. वर्षाकाठी एकदा-दोनदा उडायचो, तेही पावसाळ्यात भिंती ओलावल्या की. चाचा स्टूल ओढायचे, मेन बंद करायचे, कुठे वायर उघडी पडलीय ते शोधायचे आणि मगच मला नवी बारीक तार घालायचे. जाता जाता फडक्याने पुसायचेसुद्धा. असा मालक मिळायला नशीब लागतं हो.

चाचा गेले आणि घर त्यांच्या मुलाकडे, नजीरभाईंकडे आलं. स्टेशनाबाहेर त्यांचं छत्र्या-रेनकोटांचं दुकान. माणूस लाख मोलाचा, पण भारी उतावळा. घरात फ्रिज आला, मिक्सर आला, पाण्याची मोटर आली, गिझर आला. वायर मात्र चाचांच्या वेळचीच. नाकापेक्षा मोती जड झाला आणि मी सारखा उडायला लागलो.

नजीरभाईंच्या मुलीच्या, अदिबाच्या मेंदीच्या दिवशी तर कहर झाला. पाहुण्यांनी घर भरलेलं, अंगणात मोठाले हॅलोजन लावलेले, आणि मी एकामागून एक तीनदा उडालो. नजीरभाईंचं डोकं फिरलं. त्यांनी दुकानाच्या भंगारातून तांब्याची जाड तार काढली, दुमडली, पिळली आणि माझ्या पोटात कोंबली. त्यानंतर मी उडालो नाही. पाहुणे वाहवा करत गेले की नजीरभाईंच्या घरची लाइट म्हणजे एकदम पक्की. नजीरभाईंनी माझ्या डोक्यावर थोपटलं, आणि मला मात्र रडू कोसळायचंच काय ते बाकी राहिलं. पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि वर म्हणायचं, पाहा, हा कसा गप्प बसतो!

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. समोर दिसत होतं सगळं. पट्टीवरच्या वायरीचं रबर वाळून कडक झालं होतं, ठिकठिकाणी तडकलं होतं. गिझर लागला की वायर हळूहळू तापायची. ती पट्टी मधल्या खोलीतून जायची, तिथल्या खाटेच्या बरोबर वरून. मी बघत राहायचो. दुसरं काय करणार?

पुढच्याच पावसाळ्यात अदिबा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. इवलीशी, झोपेतसुद्धा मुठी आवळून धरणारी. मायलेकी दोघींची जागा मधल्या खोलीत, त्याच खाटेवर. मित्रांनो, खरं सांगतो, मला त्या पोरीचा लळा लागला आणि माझी भीती दसपट झाली.

नवा पंखा लावायला अमोल वायरमन आला होता. त्याने पट्टी बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नजीरभाई, ही वायर आता राहिली नाय," तो म्हणाला. "उद्याच काम काढू. भिंत थोडी फोडावी लागंल."

मला वाटलं, सुटलो! पण अदिबाची आई, ताहेराबी, मध्ये पडली. बाळंतिणीचा चिल्ला चालू होता. चिल्ला म्हणजे बाळंतपणानंतरचे विश्रांतीचे चाळीस दिवस. त्या दिवसांत तिच्या खोलीत छिन्नी-हातोडा चालवायचा नाही, ओल्या बाळंतिणीला धक्का बसतो, बाळ दचकतं, असं ताहेराबीच्या आईने तिला सांगितलेलं आणि तिच्या आईला तिच्या आईने. नजीरभाईंनी मान डोलावली. चिल्ला झाला की बघू, म्हणाले. अमोल बिचारा पंखा लावून गेला. मी आतल्या आत ओरडत होतो, पण फ्यूजला ओरडायची एकच रीत ठाऊक असते आणि ती माझ्याकडून काढून घेतलेली होती.

आता इगतपुरीचा पाऊस तुम्हाला सांगायला हवा. इथे एकदा झड लागली की आठ-आठ दिवस कपडा वाळत नाही. म्हणून इथल्या बाया बांबूची मोठी टोपली उपडी घालतात, आत निखाऱ्यांची शेगडी ठेवतात आणि वर बाळाची झबली-लंगोट पसरतात. ताहेराबीने निखाऱ्यांऐवजी विजेची कॉइलची शेगडी ठेवली. धूर नाही, राख नाही. त्या दुपारी टोपलीखाली शेगडी धगधगत होती, बाळाच्या अंघोळीसाठी गिझर लावलेला होता आणि ताहेराबी बाळाची दुपटी इस्त्रीने कोरडी करत होती. सगळं बाळासाठीच चाललेलं, आणि सगळं त्या एका म्हाताऱ्या वायरीवर.

माझी मूळची तार असती तर केव्हाच वितळली असती. जाड तार नुसती कोमट झाली. वायर मात्र तापत गेली, रबर मऊ झालं, पट्टीतून धुराची रेघ निघाली. खाटेवर दोघी झोपलेल्या. मी जळायचा आटापिटा केला. जळता येईना.

रबराचा एक जळता थेंब खाली पडला, बाळाच्या पायाजवळच्या दुपट्यावर. दुपट्याला भोक पडलं. दुसरा थेंब अदिबाच्या हातावर पडला आणि ती किंचाळत उठली. पोरीला उराशी धरून ती दारात धावली. तोवर पट्टीने पेट घेतला होता. नजीरभाई पाण्याची बादली घेऊन आले आणि ती भिरकावणार, तोच अदिबा म्हणाली, "अब्बा, पाणी नको! आधी मेन बंद करा."

नजीरभाईंनी स्टुलावर चढून मेनचा दांडा खाली ओढला. मग कोरडं पोतं हाणून हाणून आग विझवली. भिंतीवर काळा पट्टा राहिला, खाटेवर जळकं दुपटं राहिलं. बाळाला काही झालं नव्हतं. नजीरभाईंनी लगेच अमोलला बोलावणं धाडलं.

अमोल आला. त्याने मला ओढून काढलं आणि जाड तार नजीरभाईंसमोर धरली. नजीरभाईंना आपल्या हातचा पीळ ओळखू आला. ते एवढंच म्हणाले, "ही मी घातली."

ताहेराबी रडत होती. चिल्ला संपायला अजून दिवस होते. तेव्हा अदिबाच म्हणाली, "अम्मी, भिंत फोडू दे. पोरगी रडली तर मी घेऊन बसेन."

दोन दिवस छिन्नी चालली. पोरगी घर डोक्यावर घेऊन रडली, आणि तिचा प्रत्येक टाहो ऐकून नजीरभाईंना बरं वाटत होतं. सगळी वायर नवी झाली, गिझर आणि शेगडीला वेगळ्या लाइनी आल्या, अर्थिंग झालं. भार वाढला की आपोआप पडणारे स्विच बसले आणि माणसाला झटका बसलाच तर क्षणात वीज तोडणारा एक स्विचही बसला. मी आता खिडकीत पडून असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी लाइट गेली तर चिडू नका. फ्यूज का उडाला, ते आधी मोठ्यांना शोधायला सांगा. त्यात जाड तार कोणाला घालू देऊ नका, आणि जुनी वायर बदलायला चांगल्या दिवसाची वाट बघू नका. मी जळलो तर पाच मिनिटांत दुसरी तार बसते. त्या खाटेवर जी मुठी आवळून झोपली होती, ती दुसरी कुठून आणली असती?