तानाबाईंच्या ओव्या आणि सयाजीचं सॉफ्टवेअर

मित्रांनो, राजारामपुरीत दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचा गाणी मुद्रित करायचा स्टुडिओ आहे. तिथं टेबलाखाली काळ्या पत्र्याच्या पेटीत जो जुना संगणक घुरघुरत असतो, तो मी. माझ्या पंख्यात धूळ साठली आहे, कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत आणि माझा स्वभाव चांगला राहिलेला नाही. तो का बिघडला, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म याच भागातल्या एका दुकानात झाला. दुकानदारानं चार-पाच खोक्यांतून माझे अवयव काढले, तासाभरात जोडले आणि "चालतोय बघा" एवढं बोलून मला काउंटरवर ठेवलं. मला न्यायला संघप्रिया आली होती. तिचे वडील भाऊसो एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते आणि भीमजयंतीला गायनपार्टीत पेटी वाजवायचे. त्यांचं गाणं कुणी कधी नीट मुद्रित केलं नाही. ते गेल्यावर घरात त्यांचे फोटो भरपूर होते, आवाज मात्र नव्हता. म्हणून संघप्रियानं स्टुडिओ काढला. भिंतींना तिनं जुन्या गाद्या ठोकल्या. खालच्या डॉक्टरांचं दात कोरायचं यंत्र चालू असलं की माइकमध्ये घर्र असा आवाज यायचा, म्हणून आमचं काम डॉक्टरांच्या सुट्टीत चालायचं, दुपारी दोन ते पाच.

पहिल्याच दिवशी तिनं माझ्यात गाणी मुद्रित करायचं एक सॉफ्टवेअर घातलं. ते दिसायला अगदी रुक्ष होतं. करड्या पडद्यावर आडव्या पट्ट्या, एवढंच. पण सहा महिन्यांत संघप्रियाचा हात त्यावर असा बसला की ती पडद्याकडे न बघता काम करायची. गाणाऱ्याचा श्वास कुठं कापायचा आणि कुठं ठेवायचा, हे तिला कळायचं. त्या काळात मी कामाला कधी कंटाळलो नाही. कंटाळा आला तो माणसांचा.

कारण आमच्याकडे येणारी मंडळी. क्लासची जाहिरात करणारे, साडीच्या सेलची जाहिरात करणारे, वाढदिवसाच्या गाण्यात स्वतःचं नाव अकरा वेळा घालून घेणारे. ऐकून झालं की प्रत्येक जण डोळे मिटून एकच वाक्य बोलायचा, "बेस जरा वाढवा की." बेस म्हणजे काय, ते त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. संघप्रिया एखादं बटण उगीच हलवल्यासारखं करायची. काहीच बदललेलं नसायचं. मग तो माणूस मान डोलवायचा, "हां, आता कसं." असल्या माना मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत.

मग एके दिवशी शिरोळकडच्या एका गावातून तानाबाई आल्या. सत्तरीच्या, काटक, नऊवारी नेसलेल्या. त्यांना आईकडून आलेल्या आणि स्वतः रचलेल्या ओव्या येत होत्या आणि त्या कुठंही लिहिलेल्या नव्हत्या. संघप्रियाला त्या कुणाच्या तरी लग्नात भेटल्या होत्या. तिनंच त्यांना बोलावलं. माइकला पाहून तानाबाई जराही बिचकल्या नाहीत.

"ह्याच्याकडं बघून म्हणायचं न्हवं? मग म्हणती की," असं म्हणून त्यांनी सुरू केलं.

*कृष्णामाई आली घरी, म्या बसाया दिला पाट,*
*जाताना घेऊन गेली भाकरीची काटवट.*

त्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलं होतं, तेव्हाची ही ओवी. पाणी उतरल्यावर पीठ मळायची लाकडी काटवट सापडली नव्हती. एवढं मोठं संकट त्यांनी दोन ओळींत बसवलं होतं, आणि वर हसतही होत्या. चार दुपारींत चौदा ओव्या झाल्या. त्या मोठ्या होत्या, प्रत्येकीत अनेक कडवी, आणि प्रत्येक कडवं दोन-तीनदा म्हणून घेतलेलं.

संघप्रियानं त्या आवाजामागं माझ्याकडून मोठा घुमारा जोडून घेतला, जणू तानाबाई एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात गात आहेत. ते करताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. पण ऐकणारे म्हणायचे, "काय साउंड हाय." मला वाटायचं, हे कौतुक माझंच आहे. मी फुशारून जायचो.

त्यानंतर सयाजी आला. तो संघप्रियाचा कॉलेजातला मित्र, हातकणंगल्याहून रोज दुचाकीवरून यायचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचा आणि त्याचा हात चांगला होता, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. त्याची आणि संघप्रियाची भागीदारी झाली. पण या माणसाला एक खोड होती. तो गाणी करण्यापेक्षा गाणी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करावीत याचे व्हिडिओ जास्त पाहायचा. जगात कुठंतरी कुणीतरी खुर्चीत बसून सांगत असायचा की अमक्यापेक्षा तमकं बरं, आणि हा तोंड उघडं टाकून ते ऐकत असायचा. दर वर्षा-दीड वर्षानं तो स्वतःच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बदलायचा आणि आधीचं डबा होतं असं जाहीर करायचा. तीन झाली होती. त्याच्याकडे एकसष्ट अर्धवट गाणी होती आणि पूर्ण एकही नव्हतं. गाणं कशानं पूर्ण होत नाही, हे मात्र तो तीन प्रकारे समजावून सांगू शकत होता.

आता त्याची नजर चौथ्यावर गेली, आणि या वेळी ते त्याला माझ्यात हवं होतं.

"प्रिया, अजून ह्या करड्या पडद्यावर काम करतीस व्हय? लोकं हसतील की."

"मला जमतंय न्हवं ह्यात?"

"जमतंय म्हणूनच तर. जमतंय तिथंच माणूस अडकतोय बघ."

त्याच आठवड्यात आमच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचा निरोप आला की त्यात पुढं सुधारणा होणार नाहीत. संघप्रियाच्या मनात पाल चुकचुकली. तिनं तानाबाईंच्या ओव्यांचं उरलेलं काम थांबवलं. आधी सॉफ्टवेअरचं ठरवू, मग ओव्या नव्यानंच छान करू, असं तिचं म्हणणं पडलं.

मित्रांनो, त्या ठरवण्याला सात महिने लागले. मी सगळं ऐकत होतो. सकाळी सयाजी नव्याचे गुण सांगायचा, दुपारी संघप्रिया जुन्याचे. मग दोघं वडा-पाव खाऊन वहीत दोन रकाने आखायची. एकदा तर सयाजीनं नव्याची चाचणीपुरती प्रत माझ्यात घालून एकच गाणं दोन्हींत वाजवलं आणि विचारलं, "फरक कळतोय का?" संघप्रिया म्हणाली, "कळतोय असं वाटतंय." काहीही फरक नव्हता. वाजवणारा मीच होतो, मला विचारायचं. शहाणी माणसं इतक्या चिकाटीनं वेळ घालवू शकतात, हे मी तेव्हा पाहिलं आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर संपला.

या सात महिन्यांत एकदा तानाबाई जिना चढून आल्या.

"पोरी, दोन ओव्या राहिल्यात्या. आठवल्या मला. घेतीस का?"

"आज्जी, जरा थांबा की. नवीन सॉफ्टवेअर घ्यायचंय, त्यात लई भारी होतील. मी फोन करते तुम्हाला."

"बरं बाई," म्हणून त्या पाणी पिऊन गेल्या. माइक समोरच उभा होता. डॉक्टरही सुट्टीवर होते.

दीड महिन्यानं कळलं की तानाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली आणि ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. संघप्रिया त्यांना भेटायला शिरोळला गेली.

ती गेली त्याच दुपारी सयाजीनं ठरवण्याचा प्रश्न आपल्या पद्धतीनं मिटवला. त्यानं माझ्यातलं जुनं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि आपलं चौथं घातलं. वाईट हेतू नव्हता. संघप्रिया परत येईल तेव्हा चौदा ओव्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये चकचकीत करून तिला ऐकवायच्या, तेवढंच तिचं मन हलकं होईल, असा त्याचा बेत होता. त्यानं पहिली ओवी उघडली. नव्या सॉफ्टवेअरनं उत्तर दिलं की ही फाईल ओळखता येत नाही. दुसरी उघडली, तेच. चौदाव्यांदा तेच उत्तर वाचेपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता.

संध्याकाळी संघप्रिया आली. डोळे सुजलेले होते.

"जुनं कुठं गेलं?"

"काढलं. परत टाकू की. पाच मिनिटांचं काम हाय."

पाच मिनिटांत काही झालं नाही. दोन दिवसांतही झालं नाही. कंपनीनं ती आवृत्ती देणंच बंद केलं होतं.

इथं तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. असलं सॉफ्टवेअर गाण्याचा फक्त आराखडा सांभाळतं. कोणता तुकडा कधी वाजायचा, किती मोठ्यानं वाजायचा, मागं किती घुमायचं, हे सगळं त्यात असतं. तो आराखडा आता कुणालाच वाचता येत नव्हता. पण खरा आवाज मी वेगळ्या कप्प्यात ठेवला होता. तीनशे बारा तुकडे, नावं नसलेले, नुसते आकडे.

सयाजी भिंतीला टेकून उभा होता. संघप्रियानं त्याच्यासमोर वही टाकली. तिनं खुर्ची ओढली.

"बस. एकेक तुकडा ऐकायचा, कुठली ओवी ते लिहायचं आणि नाव द्यायचं. तीनशे बारा झाल्याबिगर दुसरं काही उघडायचं न्हाय."

"आणि सॉफ्टवेअर?"

"त्याचं नाव काढू नकोस, सयाजी."

अकरा दुपारी ती दोघं बसली. तीनशे बारावं नाव लिहिल्यावर सयाजीनं सगळी यादी पहिल्यापासून पुन्हा वाचून काढली. हातात घेतलेलं काम शेवटपर्यंत नेण्याची त्याची ती पहिलीच वेळ असावी. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला हात नाहीत, आणि असते तरी वाजवल्या नसत्या.

तरी कडव्यांचा क्रम लागेना. तो फक्त तानाबाईंना माहीत होता. मग त्या पुन्हा आल्या, गळ्याभोवती पांढरा रुमाल गुंडाळून. बोलणं म्हणजे नुसती कुजबुज राहिली होती. संघप्रियानं तुकडे एकामागून एक वाजवले, जसे मुद्रित झाले होते तसेच, कोरे. तानाबाई बोटानं सांगत होत्या, हे आधी, ते मागनं. दोन तास लागले. मग सलग पहिली ओवी वाजली.

तानाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. ओवी संपल्यावर त्यांनी संघप्रियाला जवळ बोलावलं आणि कुजबुजल्या, "मागं ऐकवलंतीस तवा हिरीत पडून वरडतीया असं वाटायचं. मी बोलले न्हाय. आता बघ, माझ्या घरच्या सोप्यात बसल्यागत वाटतंय."

मित्रांनो, तो विहिरीचा आवाज माझा होता. ज्या घुमाऱ्याच्या जिवावर मी इतके दिवस फुशारलो होतो, त्याला एका बाईनं हीर म्हटलं आणि ते खरं होतं. दुसऱ्यांना मूर्ख म्हणण्यात मी इतका गढलो होतो की त्या चांगल्या आवाजावर मी काय थापलं आहे, हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

"दोन राहिल्यात्या," तानाबाई म्हणाल्या. "त्याबी घे आता."

संघप्रिया म्हणाली, "आज्जी, पण आवाज…"

"आवाज गेलाय. ओव्या कुठं गेल्यात?"

सयाजी लगबगीनं माझ्याकडे वळला. त्याचं चौथं सॉफ्टवेअर उघडायला लागलं, मग काहीतरी विचारायला लागलं, मग आणखी काहीतरी. संघप्रियानं थांबायचं नाही असं ठरवलं. तिनं स्वतःचा फोन तानाबाईंच्या समोर टेबलावर ठेवला आणि मुद्रण सुरू केलं. तानाबाईंनी चाल न लावता, कुजबुजत, थांबत थांबत म्हटलं,

*उसाच्या फडात माझं जोडवं पडलं बाई,*
*ऊस गेला गुऱ्हाळाला, जोडव्याचा गूळ न्हाई.*

आणि त्या हसल्या. त्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते. मग दुसरीही झाली.

त्या जिना उतरून गेल्यावर सयाजीनं हळूच विचारलं, "आता कशात करायचं मग?"

"आता एकच हाय मशीनवर. त्यात करू," संघप्रिया म्हणाली. सात महिन्यांचा वाद एवढ्यात संपला. सगळे कोरे आवाज तिनं तीन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवले, प्रत्येकावर गावाचं नाव, तारीख आणि ओवीची पहिली ओळ घालून. उद्या कोणतंही सॉफ्टवेअर आलं किंवा बंद पडलं तरी ते ऐकता येतील.

सोळा ओव्या तयार झाल्या तेव्हा तानाबाईंच्या घराच्या पुढच्या पडवीत, त्या सोप्यात, गल्लीतल्या बायकांना बसवून त्या वाजवल्या. मी तिथं नव्हतो. सयाजीनं स्पीकर नेला होता, त्यानंच परत येऊन सांगितलं. पंधराव्या ओवीला तानाबाईंची कुजबुज सुरू झाली तशा सगळ्याजणी पुढं सरकून बसल्या. शेवटी त्याला वाटलं होतं, कुणीतरी विचारेल हे कशावर केलं. कुणीही विचारलं नाही. एका म्हातारीनं फक्त तानाबाईंना विचारलं, "मग जोडवं घावलं का न्हाय?"

सयाजीनं त्यानंतर एक गाणं पूर्ण केलं. गाणं बरं आहे. त्याच्याविषयीचा माझा तिरस्कार थोडा कमी होत आला होता, पण परवा तो पाचव्या सॉफ्टवेअरचा व्हिडिओ पाहत होता, तेव्हा तो तिरस्कार पुन्हा होता तिथं आला.

मी आता फार दिवस चालेन असं नाही. पंखा मध्येच थांबतो. माझी धूळ पुसलीत तर बरं वाटेल, पण ते मी तुमच्याकडे मागत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला एखादं गाणं, एखादी गोष्ट येत असेल, तर आज शाळेतून आल्यावर त्यांच्यासमोर बसा आणि म्हणायला सांगा. नीट सामान मिळेपर्यंत थांबू असं तुमच्यातलं कुणी म्हणालं, तर त्याला बाहेर बसवा.