भुरीचा चातुर्मास

भुरीच्या हिरडीवर मधुवंतीनं बोट दाबलं आणि उचललं. पांढरा पडलेला ठिपका पुन्हा गुलाबी झाला, पण सावकाश. सकाळी तो बोट उचलताच भरून आला होता. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तीही क्षणभर उभीच राहिली. म्हाताऱ्या कुत्रीच्या अंगातलं पाणी कमी होत चाललं होतं. जुलाबानं घाण झालेली गॅलरीची फरशी आज कितव्यांदा पुसली, हे मधुवंतीला आठवेना.

पिल्लू होती तेव्हापासून भुरी उकडलेलं अंडं आणि भात खात आली होती. आषाढी एकादशीला सासूबाईंनी, यमुताईंनी, चातुर्मास धरला आणि घरातलं अंडं बंद झालं. भुरीच्या ताटलीत त्याच दिवसापासून दूध-पोळी, वरून तूप. उपासाच्या दिवशी तिलाही साबुदाण्याची खिचडी. कोराडीच्या वीज केंद्रात मधुवंती बॉयलरच्या पाण्याची तपासणी करायची. तिथं पाण्यात सोडायच्या रसायनाची मात्रा कुणी अशी एकदम बदलली असती, तर तिनं खपवून घेतलं नसतं. घरात मात्र रोज ‘आज सांगते’ असं ठरवायची आणि तशीच कामाला निघून जायची.

"चार महिने तर आहेत," तिचा नवरा केशव म्हणाला होता. "काहून आईचं मन दुखवून राहिली?"

आता फोनवर डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही बदललं का?"

"हो. सगळंच."

"एकदम?"

"हो. अंडं-भात बंद, दूध-पोळी आणि तूप सुरू."

"दूध-तूप आधी बंद करा. पाणी घोट घोट पाजा आणि लगेच घेऊन या. सावरली की मऊ भात, मग जुनं खाणं हळूहळू."

केशव गाडी काढायला खाली धावला. मधुवंती भुरीला चादरीत गुंडाळत होती, तेवढ्यात यमुताई वाटी घेऊन आल्या.

"दोन घोट दूध घेऊ दे वं तिला. कशी मलूल पडून राहिली! इतकं साजूक तूप तर मी तुझ्या सासऱ्यांनाही नाही वाढलं."

त्यांचा आवाज ऐकून भुरीची शेपटी हलली. तिनं वाटीकडे तोंड नेलं. मधुवंतीनं वाटी बाजूला सरकवली.

"नको आई. यानंच झालंय."

"म्हणजे माझ्या हातचं बाधलं म्हणतेस?"

"हो, बाधलं." मधुवंतीनं चादरीची टोकं आवळली. तिनं भुरीला उचललं. "ही बरी होऊन आली की हिचं अंडं याच घरात, याच गॅसवर उकडेल. चातुर्मासातसुद्धा."